चादरीवरच्या चपला

मी चादरी विणत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण सोलापूरचा आणि चादरीच्या धंद्यातला म्हटलं की समोरचा माणूस लगेच दोन चादरी कारखान्याच्या भावात मागतो. विणणारा कारागीर वेगळा. चादरीवर मोर असावा की गुलाब, मोराची मान डावीकडं वळलेली की उजवीकडं, गुलाबाला पानं किती आणि हे सगळं कुठल्या रंगात, एवढं ठरवून कागदावर काढून देणारा एक माणूस कारखान्यात असतो. त्याला डिझाइन मास्तर म्हणतात. तो मी. म्हणजे गेल्या दसऱ्यापर्यंत होतो.

काम दिसायला सोपं आहे. बारीक चौकटींचा एक मोठा कागद घ्यायचा. एक चौकट म्हणजे एका उभ्या आणि एका आडव्या धाग्याची गाठभेट. चौकट भरली की तिथला उभा धागा वर उचलला जाणार, रिकामी ठेवली की खालीच राहणार. अशा चौकटी भरत भरत मोर काढायचा. मग तो कागद पंचिंगवाल्याकडं जातो. तो एकेक ओळ वाचून पुठ्ठ्याच्या लांबट कार्डांना भोकं पाडतो. ती कार्डं एकामागोमाग ओवून त्यांची माळ मागाच्या डोक्यावर चढवतात. माग सुरू झाला की भोकांप्रमाणे धागे उचलले जातात, मधून आडवा धागा घेऊन धोटा धावतो, आणि दिवसभर खडाखडा ऐकून कान किटले की संध्याकाळी मोर दिसतो.

दोन गोष्टी तेवढ्या लक्षात ठेवा, पुढं लागणार आहेत. पहिली, कागदावर एक मोर काढला की चादरीच्या रुंदीत तो चार वेळा उमटतो. मागाच्या दोऱ्या तशाच बांधलेल्या असतात, त्याला कुणाचा इलाज नाही. दुसरी, आडवा धागा बदलला की त्या ओळीतल्या नक्षीचा रंग बदलतो. म्हणजे पहिल्या ओळीत चार लाल मोर, दुसरीत चार हिरवे. खरा मोर कसा असतो हे विचारायला चादर घेणारा जंगलात जात नाही.

आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा शब्द 'चालतं'. मी नवा होतो तेव्हाचे मोठे शेठ प्रत्येक कागद डोळ्यांसमोर धरून एकच प्रश्न विचारायचे, "मास्तर, हे चालंल का?" छान आहे का, असं त्यांनी कधी विचारलं नाही, आणि त्यात त्यांचं चुकत होतं असंही नाही. चादर चालली नाही तर माग थांबतो, माग थांबला की चुली थांबतात. मरून रंग चालतो. बॉटल ग्रीन चालतो. निळा सगळीकडं चालतो. राणी रंग चालत नाही.

राणीचं मला अनुभवानं कळलं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमच्या गेटाला लागून बोगनवेल आहे. उन्हाळ्यात सगळं कोळपून जातं तेव्हा ती राणी रंगात पेटल्यासारखी फुलते. रोज सायकलवरून येताना तिच्याकडं बघून बघून एकदा मी गुलाबाच्या चादरीला राणी रंगाचा काठ देऊन टाकला. माल बाजारात गेला तसा गठ्ठेच्या गठ्ठे परत आला. व्यापाऱ्यानं वर निरोप दिला, "मास्तरांना म्हणावं, चादर अंगावर घ्यायची असते, तिचा तमाशा करायचा नसतो." शेठ रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "राणी चालत न्हाय बरं का मास्तर." त्यानंतर मी राणीचं नाव काढलं नाही. पुठ्ठ्याच्या शंकूवर गुंडाळलेल्या राणी सुताचे उरलेले कोन मांडणीच्या सगळ्यात वरच्या फळीवर गेले आणि तिथंच धूळ खात राहिले.

या 'चालतं'ची सवय पुढं घरीही आली. भाजी कुठली करू, कुठलीही चालेल. लेकीचं नाव काय ठेवायचं, तू म्हणशील ते चालेल. बायको पद्मा वैतागून म्हणायची, "जगाला रंग निवडून देता आणि घरात मेणबत्तीसारखे पांढरे बसता!" घरी आम्ही तेलुगू बोलतो, त्यामुळं हे वाक्य मुळात याहून बरंच झणझणीत होतं.

पण म्हणून काम कंटाळवाणं होतं असं समजू नका. अधूनमधून एखादं गिऱ्हाईक असं यायचं की मोर-गुलाब बाजूला ठेवावे लागायचे.

एकदा निवडणुकीला उभे राहिलेले एक गृहस्थ आले. गावात वाटायला टॉवेल हवे होते आणि टॉवेलवर स्वतःचा चेहरा. मी समजावलं की साहेब, चेहऱ्याला लई चौकटी लागतात, टॉवेलात तेवढ्या मावत नाहीत. ऐकेनात. नमुना विणून दाखवला तर एक डोळा सोलापुरात आणि दुसरा विजापुरात. सोबत त्यांच्या मंडळी आल्या होत्या. त्यांनी टॉवेल हातात घेऊन विचारलं, "हे कोण म्हणायचे?"

गृहस्थांचा चेहरा पडला. मला त्यांची कीव आली. त्यांचा चष्मा जाड काळ्या काड्यांचा आणि मिशी भरघोस, झुपकेदार होती. मी म्हणालो, "चेहरा सोडून देऊ. नुसता चष्मा आणि मिशी ठेवू." आणि तसंच केलं. टॉवेलभर ओळीनं चष्मे आणि मिशा, मध्ये माणूस कुठंच नाही. नाव घालायचीही गरज पडली नाही, गावानं टॉवेल उलगडल्याबरोबर ओळखलं. गृहस्थ पडले ते पडलेच, पण तो टॉवेल मात्र कितीतरी वर्षं त्या भागातल्या खांद्यांवर दिसत होता.

दुसरे दुधनीचे शिवशरणप्पा. म्हशींचे व्यापारी. लेकीच्या लग्नात सोयऱ्यांना द्यायला चादरी हव्या होत्या. त्यांनी खिशातून एक फोटो काढून माझ्यापुढं ठेवला. मला वाटलं नवरामुलगा असेल. म्हैस होती.

"ही आमची गौरी," ते म्हणाले. "हिच्यावरच घर उभं राहिलंय. चादरीत मदोमद हिला बशिवायची. एकटीच पायजे."

"अप्पा, एकटी नाही बसणार," मी म्हणालो. "आमच्या मागावर एक काढली की चार उमटतात."

त्यांनी क्षणभर विचार केला. "चार गौऱ्या? मग तर झकासच की वो! पण काळ्या पायजेत बगा. काळ्याशार."

मी मनापासून म्हैस काढली. शिंगांची कमान, पाठीचा उतार, तिरपं बघणारा डोळा. पण माग लावताना नेहमीची चूक झाली. रंग बदलणारी साखळी आधीच्या मोराच्या चादरीची तशीच राहिली होती. काळा कोन कुणी लावलाच नाही. कारागीर यल्लप्पानं सवयीनं माग सुरू केला, आणि मी केबिनमधून खाली येईपर्यंत चार लाल म्हशी, चार हिरव्या म्हशी, चार पिवळ्या म्हशी अशी चादर झालेली! आणि गेटात शिवशरणप्पांचा टेम्पो.

ते चादर पसरून बघत उभे राहिले. यल्लप्पा मागाच्या आड झाला. मी माफीची वाक्यं जुळवत होतो. मग एका हिरव्या म्हशीवर बोट ठेवून म्हणाले, "ही बगा ही. गौरी रुसली की हुबेहूब अशी बगती." मग लाल म्हशीकडं वळले. "ही वैरण न्हाय घातली तवाची." सगळा माल त्याच रंगांत करून घेऊन गेले. काळी म्हैस गोठ्यात हायच की, म्हणाले.

त्यातली एक चादर मी नमुना म्हणून घरी आणली आणि ट्रंकेत तळाशी ठेवून दिली. आणली कशाला, हे तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. धाकट्या शेठनी कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणारे नवे माग आणायचं ठरवलं. त्यांना कार्डं लागत नाहीत, पंचिंग लागत नाही आणि डिझाइन स्क्रीनवर होतं. मला निवृत्त व्हायचंच होतं, त्यामुळं मला त्याचं वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं. शेठ माणूस चांगला. ते म्हणाले, "मास्तर, शाल-नारळ तर देणारच. पण कोपऱ्यातला जुना माग दसरा झाला की भंगारात जाणार आहे. त्याच्या आधी त्यावर तुमच्या मनातली एक चादर काढा. विकायची नाही. चालेल का वगैरे काही नाही. तुम्हाला आवडेल ती."

मला फार आनंद झाला. केबिनमध्ये जाऊन दार लावलं, नवा कागद पसरला, पेन्सिलीला टोक केलं आणि मोर काढला.

फाडला. दुसरा कागद घेतला. गुलाब काढला. तिसऱ्यावर म्हटलं काहीतरी वेगळं करू, तर मोराच्या चोचीत गुलाब निघाला. माझा हात माझा राहिलाच नव्हता. हजारो अंथरुणांवर माझी नक्षी असेल, पण तीत मी कुठं होतो? चादरीला लेबल कारखान्याचं, पसंती बाजाराची. आणि आता विचारणारा कुणी नव्हता तर सांगायला माझ्याकडं काही नव्हतं. दसरा जवळ येत चालला आणि कागद कोराच राहिला.

आमची लेक रोहिणी शहरातल्याच जुळे सोलापूर भागात राहते, शाळेत चित्रकला शिकवते. दसऱ्याच्या साफसफाईला आईच्या मदतीला म्हणून आली आणि ट्रंक उपसता उपसता किंचाळली. मला वाटलं झुरळ निघालं. बघतो तर ती म्हशींची चादर दोन्ही हातांनी उंच धरून उभी.

"नाना, ही तुम्ही केलीय?"

"मी आणि यल्लप्पानं मिळून. चुकून झाली."

"नाना, हे पॉप आर्ट आहे!"

मी तिला म्हटलं, ही गौरी आहे, दुधनीची. मग तिनं मला बसवून समजावलं. रोजच्या वापरातली वस्तू घ्यायची. साबणाची वडी, काड्यापेटी, लोणच्याची बरणी, काहीही. ती मोठी करायची, भडक रंगवायची, पुन्हा पुन्हा मांडायची. मग रोज डोळ्यांसमोर असून कधी न बघितलेली ती वस्तू एकदम दिसायला लागते. तिच्या स्वयंपाकघरात तिनं स्वतः काढलेले चार कुकर टांगलेत, ते मी पाहिले होते, पण जागा भरायला लावले असतील असं समजत होतो. ते म्हणे सोमवारचा कुकर, पाहुणे येणार त्या दिवसाचा कुकर, परीक्षेचे पेपर तपासायचे असतात तेव्हाचा कुकर आणि सुट्टीचा कुकर. सुट्टीचा पोपटी आहे. "ते काढताना काय मज्जा येते नाना, सांगू! शाळेत मुलांना नियमानं शिकवते, आणि घरी येऊन कुकर जांभळा करते. कुणाला विचारायचं नाही."

"पण कुकर काय, कुणाच्याही घरात असतो," मी म्हणालो. "त्यात तुझं काय?"

"कुठली वस्तू निवडली आणि तिला कुठला रंग दिला, ते माझं."

आतून पद्मा म्हणाली, "यांना विचारशील तर म्हणतील, कुठलाही चालेल."

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात शिरताना दारातच थांबलो. रोज जिथं चपला काढायचो तिथं. शेडच्या दाराशी चपलांचा ढीग असतो, कारण मागापाशी चप्पल घालून कुणी जात नाही. सगळ्यांच्या रबरी चपला, सगळ्यांचे पट्टे निळे, सगळे तळवे पांढऱ्याचे मळकट झालेले. त्यातली आपली कशी ओळखायची? म्हणून आमच्याकडं एक रीत पडून गेलेली आहे. ज्यानं त्यानं मागावरचा सुताचा तुकडा घेऊन पट्ट्याला गाठ मारायची. ज्याचा त्याचा रंग ठरलेला. यल्लप्पाचा लाल. पंचिंगवाल्या रफीकभाईंचा हिरवा. नरसिंगचा पिवळा. नरसिंग चार पावसाळ्यांपूर्वी गेला. त्यानंतर नवे कितीक कारागीर आले, पण पिवळा दोरा कुणी बांधला नाही. तसं कुणी कुणाला सांगितलेलंही नाही.

माझ्या चपलेला दोरा नव्हता. मास्तर म्हणून मी ती भिंतीकडेला वेगळी काढायचो.

मी तिथंच खाली बसून चप्पल काढायला घेतली. म्हणजे कागदावर. सगळ्यात वर जी पडली होती ती. अंगठ्याच्या जागी पडलेला खळगा, झिजलेली टाच, तुटलेल्या पट्ट्यात अडकवलेली सेफ्टी पिन. एका ओळीत एकच रंग येणार, त्यामुळं दोरा तेवढा वेगळ्या रंगात दाखवता येणार नव्हता, म्हणून ठरवलं की अख्खी जोडीच ज्याच्या त्याच्या दोऱ्याच्या रंगाची करायची. गडद निळी जमीन, तिच्यावर प्रत्येक ओळीत चार जोड, आणि एकेका माणसाची एकेक ओळ. मागाचा जो नाइलाज होता तोच इथं उपयोगी पडला. कित्येक वर्षांत इतका हसत मी चौकटी भरल्या नव्हत्या.

रफीकभाईंनी कार्डं पाडताना मान हलवली. "क्या मास्टर, जिंदगीभर मोर पंच करवाया, आखरी कू चप्पल! मेरी हरीवाली अच्छी बनाओ, हां."

आणि मग यल्लप्पा अडून बसला.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. दसऱ्याला आम्ही मागाची पूजा करतो. हळद-कुंकू, झेंडूची माळ, नारळ. त्या दिवशी माग म्हणजे देव. ती माळ अजून मागावर होती आणि मी चपलांची कार्डं घेऊन उभा.

"न्हाय मास्तर," तो हात मागं घेऊन म्हणाला. "परवा या हातानं कुंकू लावलंय. त्याच हातानं पायताण विणू? आन चादर म्हंजे अंगावर घ्यायची वस्तू. माणूस डोक्यावरनं पांघरतंय. माझ्या हातनं हे व्हायचं न्हाय."

तो माग यल्लप्पाशिवाय कुणाचं ऐकत नव्हता. धोटा कुठं अडकतो, कुठं चापट मारायची, हे त्यालाच माहीत. आणि दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याचा टेम्पो येणार होता. म्हणजे यल्लप्पा नाही म्हणाला की संपलं. मी शेठकडं तक्रार नेऊ शकलो असतो, पण हुकूम देऊन माझ्या मनातली चादर विणून घ्यायची, हे मला शोभलं नसतं. मी कार्डं उचलली आणि निघालो.

रफीकभाईंनी माझ्या काखेतला कागद ओढून घेतला आणि यल्लप्पासमोर पसरला. "ना बोलने के पहले देख तो ले."

यल्लप्पानं नाखुशीनं मान वळवली. बघत राहिला. मग वाकला.

"ही पिन माझी हाय की."

"तुझीच चप्पल वर होती," मी म्हणालो.

"म्हंजे समद्यांच्या पायात माझीच?"

"एक काढली की सगळीकडं तीच उमटते. तुला माहीत आहे."

त्यानं कागदावर बोट फिरवलं. "आन ही पिवळी वळ नरसिंगची?"

"नरसिंगची."

यल्लप्पानं कागद जवळ ओढला. त्याच्यात आणि नरसिंगात एका डब्यातली भाकरी होती. शेवटी म्हणाला, "माझी एक आट हाय. ही कुनी पांघरायची न्हाय आन हातरायची न्हाय. भितीला लावायची."

"भिंतीलाच लावायची," मी म्हणालो.

मग त्यानं मागावरची झेंडूची माळ हळूच काढली, खिडकीत ठेवली, हात जोडले आणि म्हणाला, "देवा, आजच्या दिस जरा तिकडं बग." आणि कार्डं चढवली.

लाल ओळ निघाली. कारागीर आपापले माग सोडून बघायला आले. हिरवी निघाली तेव्हा रफीकभाईंनी ऐटीत दाढीवरून हात फिरवला. पिवळी ओळ सुरू झाली तेव्हा मात्र नुसता मागाचा आवाज. मग जांभळी, केशरी, आकाशी, ज्याची त्याची. नावं घेऊन हाका मारल्या जात होत्या, तुझी वाकडी माझी सरळ म्हणून चेष्टा चालली होती. आणि शेवटच्या ओळीला यल्लप्पानं माग थांबवला.

"मास्तर, ही तुमची. कंचा रंग?"

"कुठलाही लाव," मी म्हणालो.

"कुटलाबी न्हाय. रंगाचं नाव सांगा."

सगळे माझ्याकडं बघत होते. मी सुताच्या मांडणीपाशी गेलो. हात आपसूक मरूनवर गेला. मरून चालतो. हात तसाच ठेवून उभा राहिलो, आणि रोहिणीचे शब्द आठवले, आणि पोपटी कुकर आठवला. मग स्टूल ओढलं, वर चढलो आणि वरच्या फळीवरचा राणीचा कोन खाली काढला. वरची धूळ फुंकली, वरचा फिकुटलेला थर सोडवून टाकला. आत रंग होता तसा होता.

"राणी?" यल्लप्पा म्हणाला. "मास्तर, बायकांचा कलर हाय की ह्यो."

"असू दे. मला आवडतो."

हे वाक्य मी त्या शेडमध्ये पहिल्यांदाच बोललो असेन. माझं मलाच हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं. ते मी धुळीवर ढकललं.

चादर घेऊन घरी आलो तेव्हा धाकधूक होती. चपलांचं चित्र भिंतीवर लावायचं, तेही दसऱ्याच्या दिवसांत! पद्मानं ती बाहेरच्या खोलीत दिवाणावर उलगडली, मग मी यल्लप्पाची अट सांगितल्यावर पटकन उचलून दोन्ही हातांत धरली. एकेक ओळ विचारत गेली, हा कोण, तो कोण. नरसिंगच्या ओळीवरून तिनं तळहात फिरवला. शेवटी म्हणाली, "आणि तुमची?"

मी खालची ओळ दाखवली.

"ही राणी?"

"हो."

"तुम्हाला राणी रंग आवडतो?"

"आवडतो."

"कधीपासून?"

"आधीपासूनच."

ती खाली बसली. मला वाटलं चिडली. मग म्हणाली, "आपल्या लग्नाच्या बस्त्याला दुकानात मी दोन शालू हातात धरून तुमच्याकडं बघितलं होतं. एक मरून, एक राणी. मला राणी घ्यायचा होता. तुम्ही 'हो' म्हणाल म्हणून वाट बघत होते. तुम्ही म्हणालात, कुठलाही चालेल. मग सासूबाईंनी मरून घेतला." तिनं माझ्याकडं रोखून बघितलं. "इतकी वर्षं मला वाटत होतं, तुम्हाला तो आवडला नव्हता."

दोघांनाही आवडणारा रंग आम्ही दोघांनी मिळून फळीवर ठेवून दिला होता.

चादर बाहेरच्या दारालगतच्या भिंतीवर लावली. येणारे-जाणारे तिच्या खालीच चपला काढतात. रोहिणी दर वेळी तिचे फोटो घेते. यल्लप्पा आता नव्या मागावर काम शिकतोय. अधूनमधून येतो, दारात उभा राहून आधी पिन बघतो, मग चहा घेतो.

दिवाळीच्या खरेदीला पद्माबरोबर साडीच्या दुकानात गेलो. जुन्या पद्धतीचं दुकान, पांढऱ्या गाद्यांचं, चपला पायरीवर काढून आत जायचं. दुकानदारानं साड्यांचा ढीग घातला आणि एक उचलून धरली. "काकू, या वयाला मरून छान दिसतो. खूप चालतोय सध्या."

पद्मानं ती घेतली नाही आणि सोडलीही नाही. माझ्याकडं बघितलं.

"राणी दाखवा," मी म्हणालो.

"काका, राणी जरा..."

"दाखवा हो!"

त्यानं दाखवली. पद्मानं पदर खांद्यावर टाकून आरशात बघितलं, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं, आणि वळून म्हणाली, "बघा हं, घरी गेल्यावर म्हणायचं नाही."

"काय म्हणायचं नाही?"

"कुठलीही चालली असती म्हणून."

बाहेर आलो तर सणाच्या गर्दीनं पायरीवर चपलांचा हा ढीग. पद्मा पिशवी सांभाळत म्हणाली, "तुमची शोधा आता, सगळ्या सारख्याच." पण शोधावी लागली नाही. चादर लावली त्या संध्याकाळीच मी पट्ट्याला राणीचा दोरा बांधला होता. दुरूनच दिसली.